राखीव पाणी : सागरी सस्तन प्राण्यांचे संरक्षण आणि आपली राजपुरी खाडी
(एक अभ्यासपाठ)

स्मरणिकेत आठवणी, गौरवलेख आणि ऋणनिर्देश यांना मानाचे स्थान असते व ते असावेच. त्यांच्या जोडीला घरी नेऊन वाचावा, मुलांशी बोलावा असा एखादा पाठही असावा, या हेतूने आम्ही हा विषय निवडला आहे. निवडीचे कारण साधे आहे. आपले अनेक माजी विद्यार्थी मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा व तळा या तालुक्यांत राहतात. त्यांतील कित्येकांचा संसार खाडी आणि समुद्र यांच्यावर चालतो. याच पाण्यात माणसासारखाच श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा एक प्राणी राहतो आणि त्याचे अस्तित्व आज धोक्यात आहे. त्याला कसे राखावे, हा प्रश्न वनखात्यापुरता उरलेला नाही. कायद्याने त्यात ग्रामपंचायतीला जागा दिली आहे. ती जागा कोणती व तिचा उपयोग कसा करावा, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

१. दोन शेजारी

आपल्या किनाऱ्यालगत प्रामुख्याने दोन सागरी सस्तन प्राणी आढळतात. पहिला, हिंदी महासागरी कुबडधारी डॉल्फिन, म्हणजेच हंपबॅक डॉल्फिन. याच्या पाठीवर उंचवटा असतो व त्यावर लहानसा पर असतो. पूर्ण वाढलेला प्राणी अडीच मीटरांच्या पुढे जातो. दुसरा, फिनलेस पॉरपॉइज. हा आकाराने लहान, गोल डोक्याचा असून त्याच्या पाठीवर पर नसतो. तो उड्या मारत नाही, गाजावाजा करीत नाही. म्हणून पुष्कळांनी तो जिवंत पाहिलेलाच नसतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत पहिला ‘संकटग्रस्त’ आणि दुसरा ‘असुरक्षित’ या वर्गात नोंदलेला आहे.

हे मासे नव्हेत. त्यांना कल्ले नसतात, फुप्फुसे असतात. डोक्यावरील श्वासरंध्राने हवा घेण्यासाठी त्यांना थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर यावेच लागते. हंपबॅक डॉल्फिनची मादी साधारण दहाव्या वर्षी प्रजननक्षम होते, जवळजवळ वर्षभर गर्भ वाहते आणि तीनएक वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते. बांगडा किंवा तारली लाखोंनी अंडी घालतात. त्यांची एका हंगामाची घट पुढच्या अनुकूल हंगामात काही अंशी भरून निघू शकते. डॉल्फिनची एक मादी जाळ्यात गेली, तर ती जागा भरून निघण्यास दशके लागतात. या प्राण्यांच्या संरक्षणाचा सगळा विचार या एका जीवशास्त्रीय सत्यावर उभा आहे.

दुसरी गोष्ट त्यांच्या निवासाची. हंपबॅक डॉल्फिन खोल समुद्रात राहत नाही. साधारण पंचवीस मीटरांहून कमी खोलीचे पाणी, किनाऱ्यापासून काही किलोमीटरांचा पट्टा आणि खाड्यांची मुखे हे त्याचे घर होय. कांदळवनांतून वाहत येणारे अन्न, त्यामागे येणारे लहान मासे आणि गढूळ पाण्यातही ध्वनीच्या साहाय्याने शिकार शोधण्याची त्याची शक्ती यांमुळे हा पट्टा त्याला मानवतो. पण लहान होडीवाल्याचे क्षेत्रही हेच आहे, बंदराचा मार्गही येथूनच जातो आणि गावाचे सांडपाणीही प्रथम येथेच उतरते. म्हणजे मनुष्य आणि हा प्राणी एकाच अरुंद ओसरीवर राहत आहेत.

२. संकट कोठून येते

डॉल्फिनला मारण्याच्या हेतूने आपल्या किनाऱ्यावर कोणी जाळे टाकत नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. पाण्यात पडद्याप्रमाणे उभ्या राहणाऱ्या जाळ्यांचा बारीक नायलॉन धागा या प्राण्यांना वेळेवर जाणवत नाही. जाळ्यातील माशांच्या मागे आलेला डॉल्फिन त्यात अडकतो, वर येऊ शकत नाही आणि गुदमरून मरतो. जगभर लहान डॉल्फिन व पॉरपॉइज यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. दुसरीकडे, डॉल्फिन जाळ्यातील मासळी खातो, जाळे फाडतो, ही मच्छीमाराची तक्रारही खरी आहे. फाटलेल्या जाळ्याचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. ही दोन्ही दुःखे एकाच दोरीला बांधलेली आहेत. एक सोडून दुसऱ्याचा विचार करणारी कोणतीही योजना किनाऱ्यावर टिकणार नाही.

याखेरीज नौकांची धडक, इंजिनांचा आवाज, समुद्रात टाकून दिलेली जाळी, प्लॅस्टिक, रासायनिक सांडपाणी आणि मासळीचा घटता साठा ही कारणे आहेतच. जून २०१५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत अवस्थेत येऊन पडला आणि प्रयत्न करूनही वाचला नाही. एवढा प्राणी वाळूवर आल्यावर माणसाच्या हाती फारसे काही उरत नाही. जे करायचे ते तो पाण्यात असतानाच करावे लागते.

३. अशोकाचा पाचवा स्तंभलेख

प्राणिरक्षणाची कल्पना परदेशातून आली, असे पुष्कळांना वाटते. आपल्या वाचकांना यासंबंधी एका पुराव्याचे स्मरण द्यावेसे वाटते. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ यांच्याबरोबर त्या यादीत ‘गंगापुपुटक’ हे नाव येते. अनेक अभ्यासक ते गंगेतील डॉल्फिनचे मानतात.

या लेखाची रचना अभ्यासण्यासारखी आहे. त्यात तीन प्रकारचे नियम आहेत. पहिला, जातींचा : अमुक प्राणी मारू नयेत. त्यातच गाभण व दूध देणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतील पिल्ले यांनाही अभय आहे. दुसरा, काळाचा : ठरावीक पौर्णिमांना, त्यांच्या आगेमागे आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत व विकू नयेत. तिसरा, स्थळाचा : हत्तींची वने आणि ‘केवटभोग’, म्हणजे कोळ्यांकडे असलेली राखीव जलक्षेत्रे, येथे त्या दिवशी इतर जीवही मारू नयेत.

अशोकाने मासेमारी बंद केली नाही. कोणते जीव, कोणता काळ आणि कोणते पाणी, एवढ्यापुरती मर्यादा घातली. पंचशीलातील पहिले शील प्रत्येकाने स्वतः पाळावयाचे असते. राज्याचा नियम मात्र पोट भरण्यासाठी समुद्रात जाणाऱ्यालाही पाळता आला पाहिजे. हा भेद त्या लेखात राखलेला दिसतो. आजच्या कायद्यातही तीच तीन साधने आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन व पॉरपॉइज आहेत, हा जातींचा नियम. १ जून ते ३१ जुलै ही पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी बंदी, हा काळाचा नियम. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची कोळी समाजाची जुनी रीत त्याच समजुतीतून आलेली आहे. स्थळाचा नियम म्हणजे अभयारण्य किंवा राखीव क्षेत्र. गंगेतील डॉल्फिनसाठी बिहारमध्ये सुलतानगंज ते कहलगाव या नदीपट्ट्यात १९९१ साली अभयारण्य झाले. प्राचीन विक्रमशिला महाविहाराचेच नाव त्याला दिलेले आहे. आपल्या समुद्रात मात्र यांपैकी तिसरे साधन दुबळे आहे.

४. ‘संवर्धन राखीव’ म्हणजे काय

अभयारण्य आणि संवर्धन राखीव क्षेत्र हे दोन निराळे प्रकार आहेत व त्यांची गल्लत होते, म्हणून थोडा विस्तार करतो. वन्यजीव कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन ‘३६ अ’ हे कलम आले. त्यानुसार राज्य सरकार स्थानिक समाजाशी विचारविनिमय केल्यानंतर सरकारी मालकीचे क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित करू शकते. त्या कलमात भूप्रदेशाबरोबर सागरी प्रदेशाचाही स्पष्ट उल्लेख आहे. पुढील ‘३६ ब’ या कलमाने व्यवस्थापन समिती नेमली जाते. तिच्यात वनखात्याचा प्रतिनिधी, ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत क्षेत्र येते तिचा प्रत्येकी एक प्रतिनिधी, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी आणि कृषी व पशुसंवर्धन विभागांचे प्रतिनिधी असतात. ही समिती मुख्य वन्यजीव रक्षकांना सल्ला देते.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, ‘विचारविनिमय केल्यानंतर’ हे शब्द कायद्यातले आहेत. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. दुसरी, समितीच्या या रचनेत मच्छीमार सहकारी सोसायटीला नावानिशी जागा नाही. त्यामुळे ग्रामपंचायत ज्याला पाठवील तो समुद्रावर जाणारा असला, तरच समुद्रावर जाणाऱ्याचे म्हणणे तेथे पोहोचेल.

५. तीन पाण्यांचे धडे

मालवण. १३ एप्रिल १९८७ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यातील गाभा क्षेत्र ३.१८ चौरस किलोमीटर आहे. तेथील मच्छीमारांनी त्याला प्रदीर्घ विरोध केला. आपले पिढीजात पाणी आपल्याला बंद होईल, ही भीती त्यामागे होती. परिणामी कागदावर अभयारण्य राहिले, पण गावाचा त्याच्याशी जिव्हाळा जुळला नाही. पुढे २०११ पासून सिंधुदुर्ग किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने जो प्रकल्प झाला, त्यात दिशा थोडी बदलली. ट्रॉल जाळ्याच्या टोकाला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस वापरून लहान मासळी निसटू द्यावी, असे प्रयोग मच्छीमारांच्याच नौकांवर झाले. बंदीच्या आदेशाने जे साधले नव्हते, त्याची सुरुवात जाळ्याच्या आसापासून झाली.

पाल्कची सामुद्रधुनी. सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने तंजावर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत ४४८ चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. या प्रकारचे हे देशातील पहिलेच. डुगाँग, म्हणजे समुद्री गाय, ही सागरी गवतावर जगणारी शाकाहारी सस्तन प्राणी आहे. आपल्या किनाऱ्यावर ती नाही. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि अंदमान-निकोबार येथे आहे. घोषणेच्या वेळी देशातील तिची संख्या सुमारे २४० असावी, असा सरकारी अंदाज होता. या प्रयत्नात ध्यानात घेण्याजोगी बाब म्हणजे, जाळ्यात आलेली डुगाँग जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारांचा वनखात्याने जाहीर सत्कार केला व त्यांना बक्षिसे दिली. ज्याच्या जाळ्यात ती सापडते, तोच तिला वाचवू शकतो, ही साधी गोष्ट तेथे मान्य झाली.

कॅलिफोर्नियाचे आखात, मेक्सिको. येथील ‘व्हाकिटा’ हा जगातील सर्वांत लहान पॉरपॉइज. १९९७ मध्ये त्याची संख्या सुमारे ५७० होती. २००५ साली त्याच्यासाठी आश्रयक्षेत्र जाहीर झाले. तरी टोटोआबा या मोठ्या माशासाठी चोरून लावलेली जाळी पाण्यात राहिलीच, कारण त्या माशाच्या पोटातील फुग्याला परदेशी बाजारात प्रचंड किंमत मिळते. मच्छीमारांना दुसरे खात्रीचे साधन वेळेवर मिळाले नाही. आज व्हाकिटांची संख्या दहाच्या आसपास उरली आहे. सीमारेषा होती, नकाशा होता, आदेशही होता.

याच्या उलट न्यूझीलंडमध्ये बँक्स द्वीपकल्पाभोवती १९८८ साली हेक्टर डॉल्फिनसाठी अभयक्षेत्र करून तेथे पडदा-जाळ्यांवर निर्बंध घातले गेले. संशोधकांनी वीसहून अधिक वर्षे एकेका डॉल्फिनची छायाचित्रांवरून ओळख ठेवली आणि त्यांचे जगण्याचे प्रमाण सुधारल्याचे दाखवून दिले. क्षेत्र अपुरे पडते हेही त्याच अभ्यासातून कळले व पुढे त्याच्या सीमा वाढविण्यात आल्या. राखीव क्षेत्राने फरक पडतो. मात्र जाळ्यांची शिस्त प्रत्यक्ष पाळली जावी लागते आणि मोजणी अखंड चालावी लागते.

६. राजपुरी खाडीसाठी विचार

आता आपल्या घराकडे वळू. आगरदांड्याच्या मागे डोंगरात फणसाड अभयारण्य आहे. एके काळी ते जंजिरा संस्थानचे शिकारीचे रान होते. १९८६ पासून तेथील शेकरूला आणि गिधाडाला अभय आहे. डोंगर उतरून धक्क्यावर आले की मात्र हे अभय संपते. नाशिकजवळचे बोरगड, दोडामार्गातील तिलारी अशी संवर्धन राखीव क्षेत्रे महाराष्ट्रात जमिनीवर झाली आहेत. परंतु सागरी सस्तन प्राण्यांसाठी म्हणून राखलेले असे क्षेत्र आपल्या राज्याच्या समुद्रात अद्याप नाही.

बंदर ही या खाडीला नवी गोष्ट नाही. खाडीच्या आतल्या टोकाला मांदाड हे प्राचीन बंदर होते आणि त्याच्याजवळच कुड्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत महाभोजांच्या घराण्याबरोबर वैद्य, माळी आणि लोखंडाचा व्यापारी यांची दाने नोंदलेली आहेत. व्यापारावर जगणाऱ्या साध्या माणसांनी ती लेणी घडविली. तेव्हा जहाजांविषयी आमच्या मनात आकस नाही. परंतु समोरच्या तीरावरील दिघी बंदर वाढत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक क्षेत्रांत दिघी बंदर परिसराचा समावेश आहे. वाहतूक वाढेल, गाळ काढला जाईल, आवाज वाढेल. या काळात खाडीच्या मुखाविषयी निर्णय होतील. ते होताना किनाऱ्यावरचा माणूस आणि पाण्यातला प्राणी या दोघांच्या बाजूने बोलणारे कोणी असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आपला जिल्हा महाडचा जिल्हा आहे. पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी कृतीने सांगितले. त्या वारशात वाढलेल्यांनी गरिबाला पाण्यापासून दूर सारणारे संरक्षण कधीही मागू नये. म्हणून राखीव क्षेत्राची मागणी करावयाची झाल्यास ती पुढील अटींसह करावी, असे आम्हांस वाटते. एक, आधी अभ्यास व्हावा : कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात डॉल्फिन व त्यांची पिल्ले दिसतात, याची निदान दोन-तीन वर्षांची नोंद मच्छीमारांच्या मदतीने ठेवली जावी. दोन, लहान होडीवाल्याचा पारंपरिक हक्क लेखी मान्य व्हावा. तीन, निर्बंध सरसकट नसावेत. ठरावीक जागी, ठरावीक काळी, ठरावीक जाळ्यांपुरते असावेत. चार, मोठ्या जहाजांना व वेगवान नौकांना वेगमर्यादा लागू व्हावी. शिस्त एकट्या होडीला लावणे न्याय्य ठरणार नाही. पाच, फाटलेल्या जाळ्याची भरपाई वेळेत मिळावी.

७. आज हाताशी असलेली कामे

राखीव क्षेत्र होण्याची वाट न पाहता करता येण्याजोगे पुष्कळ आहे.

जाळ्यात डॉल्फिन, पॉरपॉइज किंवा कासव जिवंत सापडल्यास जाळे कापून त्याला सोडावे. कापताना त्याचे श्वासरंध्र पाण्याच्या वर राहील असे पाहावे आणि शेपटीला धरून ओढू नये. महाराष्ट्र शासनाच्या मत्स्यव्यवसाय विभाग व कांदळवन कक्ष यांनी २०१८ च्या अखेरीस सुरू केलेल्या योजनेनुसार, संरक्षित प्राणी सोडताना जाळ्याचे जे नुकसान होते त्यासाठी कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. सोडतानाचे छायाचित्र किंवा चित्रफीत पुरावा म्हणून लागते, म्हणून होडीवरील एकाने मोबाइल हाती घ्यावा. या योजनेची माहिती ज्या घरी पोहोचलेली नाही, तेथे ती पोहोचविणे हे आपल्या माजी विद्यार्थ्यांचे काम आहे.

किनाऱ्यावर असा प्राणी आलेला दिसल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. तो जिवंत असल्यास अंगावर ओले कापड टाकावे, मात्र श्वासरंध्र झाकू नये व त्यात पाणी जाऊ देऊ नये. गर्दी, छायाचित्रांसाठीची झोंबाझोंबी आणि आरडाओरड टाळावी.

पर्यटकांना समुद्रात नेणाऱ्यांनी डॉल्फिनचा पाठलाग करू नये. इंजिन मंद ठेवावे, वाट अडवू नये, पिल्लासह असलेल्या मादीपासून दूर राहावे. टाकाऊ जाळे समुद्रात न सोडता किनाऱ्यावर आणावे. शाळांनी एक साधी वही ठेवावी : दिनांक, जागा, किती प्राणी, पिल्लू होते काय, कोणी पाहिले. समितीपुढे आपले म्हणणे मांडण्याची वेळ येईल, तेव्हा ही वही पुराव्याचे काम करील.

भारतीय संविधानाच्या ‘५१ अ’ या अनुच्छेदात सजीव सृष्टीविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. करुणा हा शब्द आपल्या विद्यालयात रोज उच्चारला जातो. कापलेल्या जाळ्याची किंमत मोजणाऱ्या एखाद्या पालकाला भरपाईचा अर्ज भरून देणे, हेही त्या शब्दाचे आचरणच होय.

चिंतनासाठी प्रश्न

१. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातील तीन प्रकारचे नियम कोणते? आपल्या गावी त्यांपैकी कोणते आज पाळले जातात?
२. मालवण व पाल्कची सामुद्रधुनी येथील अनुभवांत कोणता फरक दिसतो? राजपुरी खाडीला त्यांतून काय घेता येईल?
३. आपल्या ग्रामपंचायतीने व्यवस्थापन समितीवर प्रतिनिधी पाठवावयाचा झाल्यास तो कोण असावा व का? घरातील वडीलधाऱ्यांशी चर्चा करून उत्तर लिहावे.
४. आपल्या आजोबा-आजींना विचारावे : त्यांच्या तरुणपणी खाडीच्या मुखाशी कोणते प्राणी दिसत, कोणत्या महिन्यांत दिसत? उत्तर शाळेच्या वहीत नोंदवावे.